परवलीचा शब्द आणि हातोहात जाणारं टपाल

श्रोतेहो, कुलूप आणि लिफाफा या दोन निराळ्या वस्तू आहेत. एक दार राखतं, दुसरा मजकूर झाकतो. संगणकाच्या कामात या दोहोंची गल्लत होते, म्हणून आपल्याच भागातला एक दाखला घेऊ.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा-सांगलीच्या मुलखात प्रतिसरकारचा कारभार चालला. क्रांतिसिंह नाना पाटील नि त्यांचे साथी भूमिगत होते. सरकारी टपालावर त्यांनी भरवसा ठेवायचा तरी कसा? निरोप माणसांच्या हातूनच जात. नानांची कन्या हौसाताई १९४४ साली गोव्याच्या पोर्तुगीज तुरुंगात गेल्या. आत कैदेत असलेल्या बाळ जोशींची आपण बहीण, असं त्यांनी सांगितलं. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या अंबाड्यात होती.

आता पाहा, "बहीण" या शब्दानं दार उघडलं आणि अंबाड्यानं मजकूर झाकला. पहारेकऱ्यानं शब्द ऐकला. माणूस त्याला ओळखता आला नाही. संगणकाचंही तसंच असतं. पासवर्ड ज्याच्या तोंडी, तो त्याच्या लेखी धनी!

१९८४ साली अमेरिकेत टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट नावाचं हौशी लोकांचं जाळं सुरू केलं. घरातला एक संगणक टेलिफोनला जोडायचा; तो झाला गावच्या चावडीवरचा फलक. लोक फोन लावून त्यावर पत्रं ठेवीत. रात्री फोनचे दर उतरले, की एक केंद्र दुसऱ्याला फोन करी आणि टपालाचं गाठोडं पुढे देई. तोतयानं गाठोडं पळवू नये, म्हणून दोन केंद्रं आपसांत परवलीचा शब्द ठरवून ठेवीत.

पण हा शब्द फक्त दारापुरता. गाठोड्यातली पत्रं उघडीच असत. वाटेतला केंद्रचालक मनात आणील तर ती वाचू शके. ती झाकायची तर मजकूरच सांकेतिक करायला हवा. तशी सोय फिल झिमरमन यांनी १९९१ साली काढली. मात्र आत काय आहे ते कळत नाही, म्हणून असं बंद टपाल न्यायला काही केंद्रचालक नकार देत.

दुसरी अडचण अशी, की कित्येक फलकांवर सभासदांचे पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेले राहत. वही चोराला सापडली की सगळीच घरं उघडी. चांगली व्यवस्था पासवर्ड ठेवत नाही, त्याचं दळण ठेवते. जात्यातून पीठ निघतं, पण पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. तुम्ही शब्द टाकलात की तो पुन्हा दळायचा नि पीठ जुळतं का ते पाहायचं.

यातून आपण काय घ्यावं? बँकेचा शब्द निराळा, टपालाचा निराळा. एकच किल्ली सगळ्या दारांना नको. शब्द लांब असावा; मुलाचं नाव, जन्मसाल नको. गुरुजनहो, शाळेच्या ऑनलाइन कामाचा पासवर्ड कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवू नका. आणि फोनवर आलेला ओटीपी हा एका वेळेपुरता परवलीचा शब्दच असतो. "मी बँकेतून बोलतोय," असं म्हणणाऱ्यालाही तो सांगायचा नाही. तरीही फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितकी लवकर वर्दी, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.