खुडूक कोंबडीच्या भरवशावर

राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की बुलढाण्याची गार हवा मागे राहते. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग सगळेच मानतात, घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे. पीक, पाणी, सोयरीक, सगळ्यांत हा भेद डोक्यात असतो. कोंबडीची जात निवडताना मात्र तो कुणाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात मलकापूर, नांदुरा, खामगावकडे पारा 43-44 अंशांना टेकतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते आणि तेवढ्याने भागलं नाही तर भर दुपारी मान टाकते. आधी जातात त्या वजनदार, मांसल अंगाच्या. हलक्या अंगाची गावरान मात्र लिंबाच्या बुडाशी माती उकरते, त्या गार मातीत अंग घालून बसते आणि दिवस काढते.

हे आधी सांगितलं, कारण पिल्लं विकणारा हे सांगत नाही. मोटारसायकलच्या मागे प्लॅस्टिकचे क्रेट बांधून तो गावात येतो तेव्हा त्याच्या तोंडी फक्त नावं असतात: गिरिराज, वनराज, कडकनाथ, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड). नावाच्या मागे अंड्यांचा आकडा. दीडशे अंडी, दोनशे अंडी. ऐकणारी बाई मनातल्या मनात गुणाकार करते आणि पंचवीस पिल्लं टोपल्यात घेते.

नावं खोटी नसतात, आकडेही सगळे खोटे नसतात. गिरिराज ही बंगळूरूच्या कृषी विद्यापीठाने 1980च्या दशकाच्या अखेरीस काढलेली जात. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. वनराज अंडी आणि मांस दोन्हींसाठी, परसात वर्षाला शंभराच्या वर अंडी देणारी. ग्रामप्रिया खास अंड्यांची, नीट सांभाळली तर दीडशेच्या पुढे जाते. गावरान कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तरवर थांबते. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. 2018 मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी काळी, मांस काळपट, हाडंही काळसर. अंडं मात्र फिक्कट तपकिरी असतं. काळं अंडं दाखवून कुणी जास्त पैसे मागत असेल तर त्याला वाटेला लावावं. 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या गुंतवणूक योजनेत शेकडो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्यात कोंबडीचा काही दोष नव्हता. तिच्या नावावर जी स्वप्नं विकली गेली, त्यांचा होता.

मोताळा तालुक्यातल्या माझ्या मामीकडे वीस-पंचवीस कोंबड्यांचं खटलं आहे. कोणती जात घ्यावी, असं विचारायला गावातल्या सुना तिच्याकडे येतात. तिचं उत्तर ठरलेलं असतं.

"जात मंग पाहू. आधी सांग, तुह्याकडं बसनारी कोंबडी हाय का?"

बसणारी म्हणजे अंड्यांवर बसणारी, खुडूक होणारी. सगळा प्रश्न इथे आहे. सुधारित जाती काढताना शास्त्रज्ञांनी जास्त अंडी देणाऱ्या माद्या पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या. खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायचं थांबवते, त्यामुळे या निवडीत खुडूक होण्याची सवयच मागे पडली. वनराज, ग्रामप्रिया अंडी देतील, पण ती उबवणार नाहीत. कडकनाथही बसायला कच्ची. म्हणजे घरात सगळीच सुधारित पाखरं भरली, की दर दोन वर्षांनी पुन्हा मोटारसायकलवाल्याची वाट बघणं आलं. त्याच्या क्रेटमध्ये जे असेल ते, तो सांगेल त्या नावाने. गावरान आणि देशी असिल माद्या अंडी कमी देतात, पण एकवीस दिवस इमानाने बसतात आणि पुढे दोन महिने पिल्लं पंखाखाली घेऊन घारीशी, बोक्याशी भांडतात. माझ्या मते परसातल्या कोंबडीचा हा गुण आकड्यात धरला पाहिजे. तो कोणत्याच पत्रकावर छापलेला नसतो.

मामीकडची पद्धत मी जवळून पाहिली आहे. फेब्रुवारीच्या सुमारास, थंडी मोडत आली की तिची एखादी गावरान खुडूक होते. अंडी द्यायची बंद, खुराड्यातून उठत नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून घशातून खरखर करते. मामी तिच्याखाली तिचीच चार-पाच अंडी ठेवते, तीही मन रमवायला. मातीच्या घमेल्यात गव्हाचा भुसा, कडेला मूठभर राख. राखेमुळे उवा कमी राहतात. तीन आठवडे होत आले की तालुक्याच्या ठिकाणाहून एक दिवसाची वनराजची दहा-बारा पिल्लं आणायला माणूस धाडायचा. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्या-पाण्याशिवाय काढू शकतं. म्हणून तर उबवणी केंद्राचे पुठ्ठ्याचे डबे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून इथपर्यंत एसटीने येऊ शकतात.

डबा आला की मामी एकेक पिल्लू हातात घेते. बेंबी कोरडी आणि मिटलेली हवी. पाय तुळतुळीत हवेत. बूड चिकटलेलं नको. तळहातावर उताणं ठेवलं तर झटक्यात पालथं झालं पाहिजे. पाय फाकवून बसणारं पिल्लू ती बाजूला काढते. मग गुळाचं कोमट पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून. पाणी प्यायला शिकलेलं पिल्लू दुसऱ्याला शिकवतं. त्यानंतर वर्तमानपत्रावर मक्याची बारीक कणी.

रात्र पडायची वाट बघायची. दिवा लावायचा नाही. मामी अंधारात खुराड्यात हात घालते, कोंबडीच्या पोटाखालचं एक अंडं काढते आणि त्या जागी एक पिल्लू सरकवते. कोंबडी घशात गुरगुरते. मामी हात तसाच पोटाखाली ठेवून थांबते. मग दुसरं अंडं, दुसरं पिल्लू. पिल्लांची चिवचिव हळूहळू बसत जाते आणि कोंबडीचा आवाज बदलतो. खरखर जाऊन एक बारीक, तुटक कुक्‌-कुक्‌ सुरू होते. तो आवाज आला की काम झालं.

"दिवसा ठेवली तं टोचते थे. रातच्यानं तिले उमजत नाही," मामी म्हणते.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या पुढची पिल्लं मात्र अशी सरकवता येत नाहीत. तोवर पिल्लांची ओळख पक्की झालेली असते, ती त्या कोंबडीला आई मानत नाहीत आणि तीही त्यांना जवळ करत नाही. कोंबडी दहा-बारा पिल्लंच पंखाखाली घेऊ शकते, जास्त दिली तर कडेची गारठतात.

खुडूक नसेल तर बल्ब आहेच. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला सुमारे 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजते आहे, कडेला चोच उघडून पसरली तर गरम होतं आहे, सारखी पांगून दाणे टिपत असली तर ठीक. पण आमच्याकडे वीज रात्री कधी जाईल याचा नेम नसतो, आणि गारठलेली पिल्लं एकमेकांखाली दबून मरतात. कोंबडीच्या पोटाखाली लोडशेडिंग नसतं.

दाण्याबद्दल एक गोष्ट आमच्या जिल्ह्यात मुद्दाम सांगावी लागते, कारण घरोघरी सोयाबीन आणि कपाशी आहे. कच्चं सोयाबीन भरडून पिल्लांना घालू नये. त्यातल्या घटकामुळे प्रथिनं पचत नाहीत, पिल्लं खातात आणि वाढत नाहीत. भाजलेलं किंवा तेल काढल्यानंतरची सोयापेंड चालते. गाई-म्हशींची सरकीची ढेपही अंड्यावरच्या कोंबड्यांपासून लांब ठेवावी. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि गिऱ्हाईक तोंड फिरवतं. मका, ज्वारीची कणी, तांदळाची चुरी, अंगणातले किडे आणि वाळवी, एवढ्यावर गावरान कळप उभा राहतो.

मोठी पाखरं कळपात घेणं वेगळं आणि जास्त जोखमीचं. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत 50 टक्के अनुदानावर 25 तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) आणि 3 नर असा गट मिळतो. साधारण आठ ते दहा आठवड्यांची, बल्बची गरज संपलेली ही पाखरं. आठ-नऊ माद्यांमागे एक नर हे प्रमाणही त्यात आपोआप सांभाळलं जातं. तलंगा आल्या की लोक त्याच संध्याकाळी त्यांना जुन्या खुराड्यात कोंबतात. असं अजिबात करू नये. आठवडी बाजारातून आणलेली एक झुकलेली कोंबडी अख्खं गाव रिकामं करते, हे मी उन्हाळ्यात पाहिलं आहे. हिरवट संडास, मान वाकडी, पाय ओढत चालणं, आणि दोन आठवड्यांत गल्लीतली खुराडी ओस. मानमोडी म्हणतात ती हीच, राणीखेत. म्हणून नवी पाखरं किमान तीन आठवडे वेगळी, घराच्या दुसऱ्या बाजूला. त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि दाणा टाकायला आधी जुन्यांकडे जायचं, नंतर नव्यांकडे.

ते दिवस पार पडले की मधे जाळी लावून दोन्ही कळप एकमेकांच्या नजरेला पाडायचे. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी ती शंभर वर्षांपूर्वी नोंदवली, आमच्या बायकांना ती आधीपासून ठाऊक होती. नवं पाखरू आलं की उतरंड पुन्हा ठरते आणि त्यात रक्त निघू शकतं. मामी आठवडाभर जाळीआड ठेवून मग रात्री नव्यांना जुन्यांशेजारी दांडीवर बसवते. सकाळी दाणा दोन-तीन ठिकाणी टाकते, म्हणजे दबकी पाखरं उपाशी राहत नाहीत. एकटी तलंग कधीच सोडत नाही, तीन-चार बरोबर सोडते.

लशीचं गणित परसातल्या पाळणाऱ्याला अवघड जातं. राणीखेतवरच्या लासोटा लशीची बाटली निदान शंभर पाखरांची असते, घरात पिल्लं बारा. बाटली फोडून पाण्यात मिसळली की दोन-एक तासांत संपवावी लागते. मामीच्या गल्लीने यावर उपाय काढला आहे. पाच-सहा घरं एकाच आठवड्यात पिल्लं घेतात. सातव्या दिवशी दिवस मावळताना जनावरांच्या दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये बाटली येते आणि घरोघर प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एकेक थेंब पडतो. पुढे चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्याच्या सुमारास देवीची लस, आठव्या आठवड्यानंतर राणीखेतचं आर-टू-बी इंजेक्शन. पावसाळ्यात भुसा ओला राहिला की रक्ताची हगवण लागते. त्यावर पहिला उपाय भुसा बदलणं हाच.

2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली परसातली कोंबडी सुमारे 46 टक्क्यांनी वाढून 31 कोटी 70 लाखांवर गेली. बर्ड फ्लू आला की मात्र मोठ्या शेडबरोबर हे परसही रिकामं होतं. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आणि 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. पाखरं अचानक मोठ्या संख्येने मरू लागली तर ती उकिरड्यावर फेकू नयेत, विकू तर मुळीच नयेत. दवाखान्याला कळवावं.

फेब्रुवारीतल्या पिल्लांमधले नर आखाडात विकायला येतात. श्रावणात भाव पडतो आणि पोळ्याच्या करीला पुन्हा चढतो. तेवढ्या विक्रीत मामीचा वर्षाचा दाणा निघतो, अंडी वरकड. तिच्या कळपात आज वनराजच्या काही माद्या आहेत, एक असिल नर आहे, पण निम्म्याहून जास्त अंगणातल्याच गावरान आहेत. नर ती दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावाहून बदलून आणते, म्हणजे एकाच रक्तात पैदास होत नाही.

पिल्लं घ्यायचा विचार असेल तर आधी शेजारीपाजारी विचारा, खुडूक होणारी गावरान कुणाकडे आहे. नसेल तर पहिल्या वर्षी दोन गावरान माद्याच घ्या. घाटाखाली राहत असाल तर वजनदार जातींच्या नादी लागू नका. आणि पिल्लांची नोंदणी करण्याआधी दवाखान्यात जाऊन लशीची बाटली कोणत्या दिवशी मिळेल ते ठरवून या.