एक लाख साठ हजार कॉम्प्युटर

नेरळ स्टेशनात दोन मापांचे रूळ आहेत. पुण्याकडे जाणारा 1676 मिलिमीटरचा आणि 1907 पासून माथेरानला चढणारा 610 मिलिमीटरचा. मापं दोनच, तरी इकडचा डबा तिकडे चालत नाही. गाडी बदलावीच लागते. पीसीवर चालणारा गेम बनवणाऱ्यापुढे अशी किती मापं असतात?

कर्जतला किंवा खोपोलीत दोघातिघांनी घरीच गेम बनवायला घेतला, असं धरा. ग्राफिक्स कार्डं फक्त 20 मोजू, प्रोसेसरही 20 (बाजारात याहून कितीतरी जास्त आहेत). झाल्या 400 जोड्या. रॅम चार प्रकारची: 1,600. हार्ड डिस्क की एसएसडी: 3,200. स्क्रीनची पाच रिझोल्यूशन: 16,000. कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामच्या पाच आवृत्त्या: 80,000. विंडोज 10 की 11: 1,60,000! प्रत्येक मशीनवर एकच तास गेम खेळून बघायचा म्हटलं, तर रोज आठ तास आणि वर्षाला 300 दिवस राबून एका माणसाला सुमारे 67 वर्षं लागतील.

ही झाली बाहेरची मोजदाद. गेममधलं पाणी, धुकं, सावल्या रंगवतात ते शेडर नावाचे छोटे प्रोग्राम. एका शेडरला 20 चालू-बंद पर्याय दिले की त्याची 10,48,576 रूपं संभवतात. पीसीवर शेडरचं यंत्राच्या भाषेत शेवटचं रूपांतर खेळणाऱ्याच्याच मशीनवर, त्याच्या कार्डाप्रमाणे होतं. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम 16.67 मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात फुल एचडीचे 20,73,600 पिक्सेल रंगवायचे. ऐन लढाईत एखाद्या रूपांतराने 100 मिलिसेकंद खाल्ले की सहा फ्रेम गेल्या. खेळणारा ड्रायव्हरला दोष देत नाही, गेमला देतो.

घाटावर पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' हा गेम ऑगस्ट 2020 मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला, पीसीवर ऑक्टोबरमध्ये. कन्सोलचं बरं असतं, समोरचं यंत्र आधीच माहीत असतं. पीसीवर मात्र स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या नियमानुसार 14 दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात. गेम सुरूच झाला नाही, तर दोन मिनिटंही पुरतात.

उसने-पासने पाच लॅपटॉप जमवले तरी 32,000 मशीनमागे एकच तपासून होतं. स्टीम दरमहा हार्डवेअरचं सर्वेक्षण काढतं, पण त्यात पहिल्या नंबरावरचं कार्डही हल्ली दहातल्या एकाकडे नसतं. म्हणून हुशार मंडळी गावातला सगळ्यात रडका लॅपटॉप आधी मागून आणतात. त्यावर गेम चालला, तर 'किमान आवश्यकता' या रकान्यात काय लिहायचं, एवढं तरी ठरतं.