अठरा पूर्ण झाल्यावर

बालगृहात किंवा संगोपन करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलाच्या जेवणाची, कपड्यांची आणि शाळेची जबाबदारी कायद्याने कुणावर तरी टाकलेली असते. अठराव्या वर्षी ती संपते. पुढे ते मूल कमावते होईपर्यंत त्याला जो आधार द्यायचा, त्याला सरकारी व्यवहारात अनुरक्षण म्हणतात. बालगृह चालवणे हे दिसणारे काम आहे, त्याला देणगीदारही मिळतात. अनुरक्षण मात्र कायद्यात असूनही बहुतेकांना ठाऊक नसते, आणि कधीकधी ज्याच्यासाठी ते आहे त्या मुलालाही नसते.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 मधील कलम 46 नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्या 18 ते 21 वयाच्या तरुणांना आर्थिक व इतर मदत देता येते. 2016 च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत आणखी दोन वर्षांनी वाढवण्याची सोय केली. सहा ते आठ जणांनी मिळून राहायचे घर, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, सल्ला देणारा समुपदेशक, स्वतःचा धंदा काढणाऱ्यास कर्जासाठी साहाय्य, असे त्याचे स्वरूप आहे. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बालकल्याण समितीसमोर आला पाहिजे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. पण कलमाची भाषा 'देता येईल' अशी आहे, 'दिलेच पाहिजे' अशी नाही. त्यामुळे मदत मिळणे हे त्या जिल्ह्यातले अधिकारी किती जागरूक आहेत यावर अवलंबून राहते.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासा शहराला निधीच्या बाबतीत एक सोय आहे. दादरा-नगर हवेली 26 जानेवारी 2020 रोजी दमण-दीवशी जोडली गेली आणि या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही. अशा प्रदेशात मिशन वात्सल्यचा पूर्ण खर्च केंद्र उचलते. महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यातला 40 टक्के वाटा स्वतः घालावा लागतो. म्हणजे इथे पैशाची सबब चालण्यासारखी नाही.

खरी अडचण कागदांची असते. 2011 च्या जनगणनेनुसार दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या 3 लाख 43 हजार होती आणि तिच्यातले निम्म्याहून थोडे अधिक लोक अनुसूचित जमातींचे, म्हणजे वारली, कोकणा, धोडिया, काथोडी वगैरे होते. वारली आईबापांचे मूल लहानपणीच संस्थेत आले आणि गावाशी संबंध तुटला, तर जातीचा दाखला काढताना वडिलांचे कागद आणायचे कुठून? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही आणि राखीव जागाही नाही. जन्मदाखला, आधार, रहिवासी दाखला, स्वतःच्या नावाचे बँक खाते ही सगळी कामे मूल पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच हाती घ्यावी लागतात. तेव्हा संस्थेचा अधीक्षक पालक म्हणून कचेरीत जाऊ शकतो. अठरानंतर त्याच खिडकीपुढे मूल एकटे उभे असते, आणि अर्जावरचा कायमचा पत्ता काय लिहायचा हेच त्याला सांगता येत नाही.

रोजगाराचा प्रश्न सिल्वासात वेगळ्या रूपात येतो. पिपरिया, मसाट, आमली, खडोली या पट्ट्यात कापड, धागा आणि प्लास्टिकचे कारखाने आहेत. कंत्राटदारामार्फत अंगमेहनतीचे काम मिळणे फारसे अवघड नाही. धोका नेमका तिथेच आहे. डोक्यावर छप्पर नसलेला तरुण पहिल्या मिळेल त्या पाळीला लागतो आणि शिक्षण तिथेच थांबते. सिल्वासात आयटीआय आहे, कराड गावी सरकारी तंत्रनिकेतन आहे. पण दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करायचा तर तेवढी वर्षे खोलीभाडे आणि जेवण कुणीतरी दिले पाहिजे. अनुरक्षणाचा पैसा मुळात यासाठी आहे.

शेजारच्या महाराष्ट्रात हा विषय एका तरुणीमुळे पुढे आला. गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेली ही मुलगी 2017 च्या सुमारास महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत खुल्या गटाच्या गुणमर्यादेत बसली नाही, आणि जात ठाऊक नसल्याने दुसरा गट तिला खुला नव्हता. तिने थेट मुख्यमंत्र्यांकडे दाद मागितली. 2 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाने अनाथांना शिक्षणात व नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण मिळाले. हे आरक्षण महाराष्ट्राचे आहे. पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडून सिल्वासात आले की ते लागू होत नाही.

अठराची रेघ सर्वात निष्ठुर ठरते ती दिव्यांग मुलांच्या बाबतीत. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुले वाढवली आणि वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. अशा मुलांना अठरानंतरही त्याच घरात राहता यावे, असा कायदा त्यांनी वर्षानुवर्षे मागितला. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. बावीस-पंचविशीपर्यंत पाठीशी घर असेल तर काय होऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

इतर देशही अनुभवानेच शिकले. अमेरिकेने 1999 मध्ये चेफी कायदा करून संगोपन कुटुंबातून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या मदतीला वेगळा निधी दिला. 2008 च्या कायद्याने राज्यांना ही जबाबदारी 21 वर्षांपर्यंत नेण्यास केंद्रीय पैसा मिळू लागला. इंग्लंडमध्ये 2014 पासून मूल आणि कुटुंब दोघांची इच्छा असल्यास 21 वर्षांपर्यंत त्याच घरी राहता येते, आणि स्थानिक प्रशासनाने त्याला साहाय्य करणे बंधनकारक आहे.

सिल्वासात पैसा आणि कायदा दोन्ही आहेत, कारखानेही आहेत. शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यातल्या काही जागा बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना द्यायला नवा कायदा लागत नाही. कारखान्याच्या व्यवस्थापकाने जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे यंदा अठरा पूर्ण करणाऱ्यांची चौकशी करावी, आणि कक्षाने त्यांची यादी तयार ठेवावी.