अण्णांच्या रेकॉर्ड्स, आईचा हात

मागच्या वर्षी वाईचं आमचं माहेरचं घर रिकामं करायचं ठरलं. अण्णा गेल्यावर आई तिथे एकटी किती दिवस राहणार? नाही-होय करता करता ती कराडला माझ्याकडे यायला तयार झाली. भांडीकुंडी वाटली गेली, कपाटं विकली गेली. राहिली ती माळ्यावरची हिरवी ट्रंक. उघडली तर आत अण्णांच्या एकसष्ट रेकॉर्ड्स!

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, हे सगळं आता मोबाइलवर मिळतं. कशाला ओझं नेतेस?" भंगारवाला दारातच उभा होता. आई काही बोलली नाही. फक्त जाऊन ट्रंकेवर बसली. मग काय, आईबरोबर ट्रंकही कराडला आली.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी असं दृश्य असेल. रविवारची सकाळ, बाहेरच्या खोलीत रेडिओग्राम, शेजारी हात धुऊन बसलेले वडील. आमच्याकडे त्या यंत्राला हात लावायचा अधिकार फक्त अण्णांचा. आई स्वयंपाकघरातून ऐकायची, भाकरी थापता थापता. तिच्याकडे काम एकच, रेकॉर्ड्सवरची धूळ पुसायचं. आणि त्या कामाबद्दल बोलणीही तिनंच खायची. किशोरीताई आमोणकरांची भूप रागाची एलपी होती. वरच्या सुरांना ती चिरकायची, फाटल्यासारखी. पाहुण्यांसमोर अण्णा हमखास म्हणायचे, "हिनं पदरानं पुसून पुसून घालवली." आई गप्प. हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि खरंच मानत आले.

पहिली चूक माझी

रेडिओग्राम तर केव्हाच गेला होता. आईला पटकन काहीतरी ऐकवावं म्हणून मी एक सुटकेससारखा दिसणारा रेकॉर्ड प्लेअर मागवला. झाकण उघडलं की आतच स्पीकर, दिसायला गोड, किंमतही आवाक्यातली. पण दुसऱ्याच दिवशी माणिक वर्मांची एक रेकॉर्ड एकाच ओळीवर अडकायला लागली. मी काय करावं? लहानपणी पाहिलेली युक्ती केली. सुईच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं! गाणं पुढे सरकलं आणि मी खूश.

आमच्या पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना सहज सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, त्या नाण्यानं तुम्ही रेकॉर्डवर नांगर फिरवलात!"

मग त्यांनी समजावलं. चांगल्या प्लेअरची सुई रेकॉर्डवर साधारण दोन ग्रॅम वजनानं टेकते. सुटकेसवाल्या बहुतेक प्लेअरमध्ये हेच वजन पाच-सहा ग्रॅम असतं आणि ते कमीही करता येत नाही. वर माझ्या नाण्याचे तीन-चार ग्रॅम. दोन ग्रॅम म्हणजे किती, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सोनाराकडे दोन ग्रॅमची अंगठी आपण हातावर तोलून पाहिलेली असते. तेवढ्याच भारानं हिऱ्याचं सूक्ष्म टोक त्या रेषांमधून फिरायला हवं. भार वाढला की रेषा घासतात, आणि घासलेली रेषा पुन्हा भरून येत नाही.

मी ट्रंक त्यांच्यासमोर उघडली. काकांनी भिंग लावून एकेक तबकडी दिव्याखाली तिरकी धरली. मग विचारलं, "यातल्या जास्त ऐकलेल्या कोणत्या?" मी काढून दिल्या. त्यांच्या रेषा करड्या पडलेल्या होत्या. क्वचित लावलेल्या मात्र काळ्याभोर, चकचकीत. "पुसल्या सगळ्या सारख्याच असतील ना?" काका म्हणाले. "मग घासल्या त्या फक्त ऐकलेल्याच कशा? ही जुन्या, झिजलेल्या सुईची करणी आहे. पुसण्याची नव्हे."

हिऱ्याची सुईसुद्धा साधारण पाचशे ते हजार तास चालते, मग बदलावी लागते. अण्णांनी कधी सुई बदलल्याचं मला काही आठवेना. मी घरी आले ती घशात आवंढा घेऊनच.

दुकानात काय विचारायचं?

मग ठरवलं, आता नीट माहिती काढूनच घ्यायचं. साताऱ्याला दुकानात गेलो, तर विक्रेता सगळं ह्यांनाच समजावत होता. ह्यांना आमच्या मिक्सरचं बटणसुद्धा सापडत नाही! शेवटी मीच पुढे होऊन चार प्रश्न विचारले. तुम्हीही हेच विचारा.

एक, सुईचं वजन कमी-जास्त करता येतं का? आर्मच्या मागच्या टोकाला फिरवायचं गोल वजन असेल तर येतं.

दोन, सुई बदलता येते का आणि नवी सहज मिळते का? मशीन सुंदर आणि सुई मिळेना, असं झालं तर सगळंच फुकट.

तीन, फोनो प्रीअ‍ॅम्प आतच आहे का? हा शब्द घाबरवतो, पण गोष्ट सोपी आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचे आवाज मुद्दाम कमी आणि बारीक आवाज वाढवून कोरतात, नाहीतर रेषा फार रुंद होतील आणि एका बाजूवर कमी गाणी मावतील. वाजवताना हे उलटं करून मूळ आवाज परत आणावा लागतो. त्याचं प्रमाण १९५४ साली ठरलं, तेच आजही चालतं. शिवाय चुंबकीय सुईतून येणारा आवाज फार क्षीण असतो, तो वाढवावाही लागतो. ही दोन्ही कामं हा प्रीअ‍ॅम्प करतो. तो नसेल तर गाणं डासाच्या गुणगुणीसारखं ऐकू येतं. आत असेल, तर घरातल्या होम थिएटरच्या 'ऑक्स' लिहिलेल्या जागी वायर जोडली की झालं. नवे स्पीकर लगेच घ्यायची गरज नाही. मी घेतले नाहीत.

चार, ७८चा वेग आहे का? ट्रंकेत जुन्या जड, ठिसूळ रेकॉर्ड्स असतील तर हा प्रश्न महत्त्वाचा. पुष्कळ नव्या प्लेअरवर फक्त ३३ आणि ४५ असतात.

जुळवाजुळव, आपल्याच हातानं

मशीन घरी आलं आणि खरी मजा सुरू झाली. आधी टेबल समपातळीत हवं. शेजारी बांधकाम चालू होतं, गवंड्याची पाणसळ मागून आणली. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी गेली तेव्हा बुडबुडा मध्यावर आला. स्पीकर त्याच टेबलावर ठेवायचे नाहीत. त्यांची थरथर सुईपर्यंत पोचते आणि आवाज घुमतो. आम्ही ते दोन वेगळ्या स्टुलांवर, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवले. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर आईची खुर्ची.

मग सुईचं वजन. सुईवरचं टोपण काढायचं, पण सुईला बोट लावायचं नाही. शेजारची 'अँटी-स्केट' नावाची चकती शून्यावर. आता मागचं वजन फिरवत जायचं. एक क्षण असा येतो, की आर्म वरही जात नाही आणि खालीही, पाण्यावर तरंगल्यासारखा आडवा राहतो. तिथे थांबायचं. वजन न हलवता फक्त त्याच्या पुढची आकड्यांची कडी शून्यावर आणायची. मग कडीसकट वजन फिरवून सुईच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यावर न्यायचं. माझ्या सुईला दोन ग्रॅम होतं. अँटी-स्केटही दोनवर. बस्स! खात्री करायची असेल तर सुई तोलायचा छोटा डिजिटल काटा मिळतो. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला. आता पाच मिनिटं.

शेवटी वेग. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवला. आईनं जपमाळ घेतली, मी घड्याळ. दर फेऱ्याला एक मणी. तीन मिनिटं झाली आणि आई म्हणाली, "एकशे तीन." म्हणजे गाणं घाईत आणि किंचित चढ्या सुरात! पाहिलं तर वेगाची पट्टी जरा वर सरकलेली होती. ती मध्यावर आणली. पुन्हा माळ. बरोबर शंभर! आईच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघण्यासारखा होता.

लाखेची काळजी वेगळी

जुन्या ७८ रेकॉर्ड्स लाखेपासून बनत, आपल्या बांगड्यांची असते त्याच लाखेपासून. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचा आवाज मुद्रित झाला, तो याच जातीच्या तबकड्यांवर. त्यांच्या रेषा एलपीपेक्षा कितीतरी रुंद असतात, त्यामुळे सुई वेगळी, जाड लागते. एलपीची बारीक सुई त्यांत तळाशी खरवडत जाते, आणि ७८ची जाड सुई एलपीवर टेकवली तर एलपी कायमची जाते.

आणखी एक. स्पिरिट किंवा सॅनिटायझरनं ७८ कधीही पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते! मेडिकलमध्ये मिळणारं डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, आणि रेषांच्या दिशेनं गोल हात एवढंच पुरे. मधल्या कागदाला पाणी लावू नका. सगळ्या तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून भिंतीला टेकलेलं कपाटही नको.

मग तो रविवार

सगळं जमल्यावर मी भूपाची एलपी काढली. "आई, तू लाव."

"नको गं. माझे हात थरथरतात. खराब होईल."

मी तिला तो छोटा खटका दाखवला. आर्म जागेवर नेऊन ठेवायचा आणि खटका खाली करायचा. सुई आपोआप, हळूच उतरते, हात कितीही थरथरला तरी. आणि मग काकांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. करड्या रेषा, काळ्या रेषा, झिजलेली सुई. "आई, पदरानं नव्हती गेली."

ती जरा वेळ तबकडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पदरानं कधी पुसलीच नव्हती. अण्णांचं जुनं मलमलचं धोतर होतं, त्यानं पुसायचे." इतकी वर्षं हे कुणी तिला विचारलंच नव्हतं. मीसुद्धा!

तिनं खटका खाली केला. वरच्या सुरांना थोडी चरचर अजून आहे, ती आता जायची नाही. पण नवी बारीक सुई रेषेच्या वेगळ्या भागाला टेकते, त्यामुळे पूर्वीइतकी ती फाटत नाही. आई खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा, बाहेरच्या खोलीत. भाकऱ्या त्या दिवशी ह्यांनी शेजारच्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या.

बाजू संपली. मी उठणार इतक्यात आई म्हणाली, "बस तू. मी उलटते."

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल, तर ती भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडा. आणि हो, सुईवर नाणं तेवढं ठेवू नका!