अर्भकांचे आचके : नाव, वर्णन आणि निदान

वैद्यक हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. तथापि ज्या रोगाचे निदान घरच्या माणसांनी केलेल्या वर्णनावर बव्हंशी अवलंबून असते, त्याच्या विचारात शब्दार्थाच्या अभ्यासकासही थोडे स्थान असावे. अर्भकांना येणारे अपस्मारजन्य आचके हा असा रोग होय.

ह्या आचक्यांचे पहिले सविस्तर वर्णन इंग्लंडमधील टनब्रिज येथील वैद्य विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकास लिहिलेल्या पत्रात आढळते. रुग्ण त्यांचाच मुलगा होता. मुलाचे डोके गुडघ्यांकडे झुके, लगेच अंग सैल पडे, आणि एका वेळी असे दहा-वीस वेळा घडे. सर चार्ल्स क्लार्क यांनी ह्यास ‘सलाम’ हे नाव दिले होते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या धाराशिव जिल्ह्यात हा शब्द समजावून सांगावयास नको. अडचण आहे ती आपल्या ‘आकडी’ ह्या शब्दाची.

‘आकडी’ म्हणजे लहान आकडा हाही एक अर्थ आहे. परंतु रोगाचे नाव म्हणून तो शब्द उच्चारताच डोळे फिरणे, अंग ताठणे, दातखिळी बसणे हे चित्र उभे राहते. अर्भकाच्या आचक्यात ह्यांपैकी बहुधा काहीच ठळक नसते. म्हणून “आकडी येते काय?” असे विचारल्यास आई प्रामाणिकपणे सांगते, “नाही, लेकरू नुसतं दचकायलंय.” उत्तर खोटे नसते, प्रश्नातील शब्द अपुरा असतो.

तेव्हा विचारावयाचे ते नाव नव्हे, क्रिया. मान, हातपाय वाकतात की ताणले जातात? हिसका एक-दोन सेकंदांचाच असतो काय? थोडे थांबून तो पुनःपुन्हा येतो काय? झोपेतून जागे होताच अशी मालिका लागते काय? पूर्वी हसणारे मूल हसेनासे झाले काय? पोटातील कळेने मूल आक्रसते, पण त्यात अशी ठराविक अंतराची मालिका नसते. केवळ झोपेत येणारे व जागे करताच थांबणारे निरुपद्रवी हिसकेही वेगळे काढावे लागतात.

पुढील पुरावा मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाचा. उंच व बेशिस्त लहरींच्या आलेखास गिब्ज दांपत्याने १९५२ मध्ये ‘हिप्सअरिथ्मिया’ म्हटले. ग्रीक घटकांनुसार त्यात ‘उंची’ आणि ‘लयीचा अभाव’ हे दोन अर्थ आहेत. तो प्रत्येक रुग्णात आढळतोच असे नाही. आलेखात झोपेचा काळ येणे मात्र अगत्याचे असते.

वर्गीकरणाची तत्त्वे दोन. पहिले उगमाचे : आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार आचके मेंदूच्या एका भागातून, दोन्ही अर्धगोलांतून किंवा अज्ञात स्थळातून उद्भवलेले मानतात. दुसरे कारणाचे : रचनात्मक, जनुकीय, चयापचयी, संसर्गजन्य, रोगप्रतिकारविषयक वा अज्ञात. भारतात जन्मवेळी प्राणवायू अपुरा पडणे व नवजाताची रक्तशर्करा घटणे ही कारणे विशेष आढळतात. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे : विकृती एकाच भागात असल्यास काही मुलांत शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस हे कारण असल्यास व्हिगाबॅट्रिन प्रथम देतात. इतरांस बहुधा ए.सी.टी.एच.ची इंजेक्शने किंवा प्रेडनिसोलोन देतात.

विलंब येथे फार महाग पडतो. उपचार जितके लवकर, तितकी बालकाच्या बौद्धिक वाढीची आशा अधिक. आलेखाचे यंत्र प्रत्येक गावी असणार नाही. परंतु घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीपाशी योग्य प्रश्न असू शकतो, आणि आईच्या हातातील मोबाइलवर त्या मालिकेचे चित्रण होऊ शकते. “दचकायलंय” हा शब्द ऐकून “कसं, किती वेळा, केव्हा?” असे विचारणारा कोणी भेटला, तर निदान तेथूनच सुरू होते.