घरशिक्षण आणि घड्याळ

मूल शाळेत जात नाही म्हटलं की शेजारीपाजारी आधी हेच विचारतात: मग ते दिवसभर करतं काय? पुणे परिसरात मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबं आहेत आणि हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा आहे. त्यामागे दोन उलट समजुती असतात. एक म्हणजे, आई-बाबा सकाळी आठपासून जेवणाच्या टेबलावर अख्खी शाळा भरवत असणार. दुसरी, पोरगं दहाला उठत असणार आणि पुढचा दिवस त्याच्या मर्जीवर चालत असणार. नव्याने होमस्कूलिंग सुरू करणाऱ्या पालकांच्याही डोक्यात या समजुती ठाण मांडून असतात आणि खरं नुकसान तिथेच होतं.

आधी तासांचा हिशेब पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे पाचवीपर्यंत दिवसाला सरासरी चारच तास, आणि तेही प्राथमिक वर्गात साधारणपणे एका शिक्षकामागे तीस मुलं धरून. त्या चार तासांत हजेरी आली, वह्या तपासणं आलं, मागे राहिलेल्यांसाठी थांबणंही आलं. घरी समोर एक-दोनच मुलं असतात. भागाकार कुठे चुकला ते तिथल्या तिथे दिसतं आणि तिथल्या तिथे सुधारता येतं. इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लहान मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांच्या छोट्या धड्यांचा आग्रह धरला होता. सहा तासांचं वेळापत्रक छापून भिंतीला चिकटवणाऱ्या पालकांनी हे आकडे जरूर पाहावेत. तसं वेळापत्रक पाळताना मूलही रडकुंडीला येतं आणि आईही.

शाळेत न घातल्याबद्दल पालकांना तुरुंगवास होतो, ही भीतीही निराधार आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य मानतं, पण त्यासाठी शिक्षा सांगत नाही. घरशिक्षणाला वेगळी मान्यताही हा कायदा देत नाही. परतीची वाट मात्र उघडी आहे: कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो.

आता दुसरी समजूत. लवचीकपणा म्हणजे वाटेल तेव्हा उठणं, वाटेल तेव्हा खाणं, असं अनेकांना वाटतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तासांची झोप लागते, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, ते मुलांच्या झोपेचा विचार करूनच. घरी शिकणाऱ्या मुलाला ही सवलत आयतीच मिळते, पण झोपायची वेळ रोज सरकत गेली तर ती वाया जाते. झोप, जेवण आणि रोजचं वाचन या वेळा पक्क्या असाव्यात. मधल्या वेळात काय शिकायचं, ते ऋतू आणि मुलाचा कल पाहून बदलावं.

मुळशीत जुलैमध्ये हे फार सोपं होतं. ताम्हिणीकडून पाऊस कोसळत असतो, खाचरांत भाताची लावणी चाललेली असते. चारसूत्री पद्धतीने लावणी करणारे शेतकरी दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा करतात आणि त्या खुणांवर चूड, म्हणजे रोपांची जुडी, लावतात. जवळजवळ लावलेल्या चार चुडांचा छोटा चौकोन तयार होतो. त्याच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चिखलात खोल खोचतात. अशी एक गोळी ४० बाय ४० सेंटिमीटर जागेला पुरते. मग गुंठ्याला गोळ्या किती? सुमारे ६३०, वजन १.७ किलो. क्षेत्रफळ, दशांश आणि एककांचं रूपांतर असं एका बांधावर सापडतं. त्या आठवड्यात गणिताचं पुस्तक बंद राहिलं तर काही बिघडत नाही. रात्रीचं वाचन मात्र चुकवू नये.

वेळ लवचीक पण नेम पक्का, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात पाहिलं की आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शिक्षकच कुरणावर गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. वेळ आणि जागा मुलांच्या कामाप्रमाणे ठरली, पण शिकवणं नेमानेच चाललं. घरशिक्षण करणाऱ्या प्रत्येक पालकाने हा प्रयोग अभ्यासावा, इतका तो मोलाचा आहे.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरणही नेहमी दिलं जातं. सातवीच्या सुमारास तिची शाळा सुटली, आवडीचे विषय घरी शिकता शिकता ती प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ मध्ये ती एमआयटीत दाखल झाली. पण बारावी झालेली नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं, हे सांगायला लोक विसरतात. ऑलिम्पियाडचं पदक प्रत्येक घरात येणार नाही. त्यामुळे परीक्षेचा विचार वेळेवर करायला हवा.

त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, आहे. वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथे दहावीसाठी नाव नोंदवता येतं. पाच विषय, पाच वर्षांची मुदत आणि तेवढ्यात नऊ संधी. विषय एकेक करूनही सोडवता येतात. त्या काळात दिवसाची घडी थोडी घट्ट करावी लागते, रोजचे दोन तास फक्त लेखनाच्या सरावाला द्यावे लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दुसरी फेरी नेमकी भातकापणीत येते, तेव्हा ज्या घरात शेती आहे तिथे मोठे विषय एप्रिलला ठेवलेले बरे.