स्वमग्न नातवंडांसाठी समाजाची ओंजळ

आपल्या घरी वा शेजारी स्वमग्न मूल असेल, तर आपण जाणताच की वाचोपचार आणि व्यवसायोपचार वर्षानुवर्षे चालतात. म्हणूनच एकदाच जमवलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणारी लहान वर्गणी अधिक उपयोगी. उपचारांत खंड पडला की कमावलेले कौशल्य मागे पडू शकते.

प्रथम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत मुलाचे नाव नोंदवावे. तीत १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून नियमित उपचारांचाही समावेश आहे. मात्र बाबनिहाय मर्यादांमुळे सारा खर्च भागत नाही.

उरलेला भार आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने वाटून घ्यावा. रक्कम थेट उपचारकेंद्रात भरावी, हिशेब खुला ठेवावा. मुलाचे छायाचित्र मात्र फलकावर लावू नये. मदत स्वीकारतानाही त्या कुटुंबाची मान ताठ राहिली पाहिजे.